रक्ताचे दान, प्लाझ्माचे दाम

अमेरिकेत रक्त देणाऱ्याला बिस्किटे आणि फळांचा रस मिळतो, तर प्लाझ्मा देणाऱ्याला चक्क डॉलर! असा दुजाभाव का?

रक्तातून पेशी वगळल्या की उरणारा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. यंत्र तो वेगळा काढून तांबड्या पेशी शरीरात परत सोडते. म्हणून तिथे आठवड्यातून दोनदाही प्लाझ्मा देता येतो. रक्त मात्र ५६ दिवसांनीच. शिवाय विकत घेतलेल्या प्लाझ्मापासून कारखान्यात औषधे बनतात आणि ती बनवताना विषाणू निष्प्रभ केले जातात.

रक्तावर अशी प्रक्रिया होत नाही. तपासणी होते, पण नुकताच झालेला संसर्ग काही दिवस तिच्यातही सापडत नाही. पैशासाठी आलेला माणूस आजार लपवील, ही भीती उरतेच. भारतात तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे.

आपल्याकडे पुरुष तीन महिन्यांनी, तर स्त्रिया चार महिन्यांनी रक्तदान करू शकतात. ती बाटली एखाद्या बाळंतिणीला चढणार असते. तेव्हा अर्जातील प्रश्नांना खरी उत्तरे देणे, हाही दानाचाच भाग आहे.