आरेची झाडे आणि आपली मुले

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र धाडले. त्याची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबविली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. २०२२ साली कारशेडची जागा पुन्हा आरेतच ठरली. मग हा लढा व्यर्थ गेला काय? मुळीच नाही. त्या रानात वारली आदिवासींचे पाडे आहेत. त्यांचाही या भूमीवर हक्क आहे, हे शहराला ऐकावे लागले. आपली मुले अशा लढ्यात उतरली तर भिऊन त्यांना अडवू नका. आधी कायदा वाचा, मग निर्भयपणे उभे राहा, एवढेच त्यांना सांगा.