कोरियाने अनुवादाला पैसा दिला

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या किराणा दुकानांत आता कोरियन नूडल्सची पाकिटे दिसतात आणि लोकमान्यनगरच्या मेट्रोत शाळकरी मुली बीटीएसची गाणी मूळ शब्दांसकट गुणगुणतात. याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र ही लाट आपोआप आलेली नाही. सांस्कृतिक उद्योगांसाठी कोरियाने १९९९ मध्ये कायदाच केला. अनुवादासाठी सरकारी संस्था उभारली. कोरियन लेखिका हान कांग यांच्या पुस्तकांच्या परभाषांतील अनुवादांना तिने पैसा पुरवला. योगायोग पाहा: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. बरोबर आठवड्याने हान कांग यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाले.

आपल्याकडे काय कमी आहे? सावजीचा रस्सा आहे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर रात्ररात्र रंगणारी झाडीपट्टी रंगभूमी आहे. तिथले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण सोलमधल्या एखाद्या रसिकाला झाडीपट्टीचे नाटक त्याच्या भाषेतल्या उपशीर्षकांसह पाहावेसे वाटले, तर त्याने कुठे पाहावे? अभिजात दर्जामुळे येणाऱ्या निधीतला ठोस वाटा राज्य सरकारने अनुवाद आणि अशा चित्रीकरणासाठी राखून ठेवावा. सुरुवात झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असलेल्या वडसा-देसाईगंजपासून करावी, आणि ती याच हंगामात.