पंधरा दिवसांची शिदोरी

शनिवारी संध्याकाळी चोविहार आटोपल्यावर डोंबिवलीतील एखाद्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा वडिलांसमोर बसतो. ठाण्यात पंधरा दिवसांचा चित्रपटनिर्मितीचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे आणि तो आपल्याला करायचा आहे, असे सांगतो. घरात क्षणभर शांतता पसरते. आई शुल्क विचारते. आजोबा विचारतात, दुकानाचे काय? वडिलांचा प्रश्न मात्र खऱ्या व्यापाऱ्याचा असतो: पंधरा दिवसांत माणूस असे काय शिकणार? ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या अनेक घरांत आज हा प्रसंग घडतो आहे. वडिलांचा प्रश्न टाळण्याजोगा नाही, कारण भारतीय चित्रपटाचा आरंभच अशा सुमारे पंधरा दिवसांच्या शिक्षणातून झाला.

धुंडिराज गोविंद फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले, तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस होते. प्रवासाचा पैसा आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून उभा केलेला. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. तेथील ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्तच केले. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडाले आहेत, मग हिंदुस्थानात काय होणार, हा त्यांचा मुद्दा होता. पाहुणा हटत नाही असे पाहून मात्र त्यांनीच फाळक्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांनी कामाचे सर्व विभाग पाहिले, प्रश्न विचारले, हाताने करून पाहिले. लंडनमधील मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा ठरवून, कोऱ्या फिल्मची आणि तिला कडेने छिद्रे पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवून 1 एप्रिलला ते मुंबईत परतले. पुढच्या वर्षी, 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

ही हकीकत सांगून अभ्यासक्रम विकणारे बरेच आहेत. ते अर्धीच हकीकत सांगतात. त्या दोन आठवड्यांपूर्वी फाळक्यांच्या गाठीशी सुमारे पंचवीस वर्षांची साधना होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, गोध्र्याला फोटोचा व्यवसाय, पुढे लोणावळ्याचा शिळाछाप छापखाना, मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा. प्रकाश, रासायनिक द्रव्ये, रंग आणि प्रेक्षकाची नजर यांची ओळख त्यांना आधीच होती. हेपवर्थकडे त्यांनी घेतली ती शेवटची किल्ली. कुलूप त्यांनी स्वतःच घडवले होते.

परतल्यानंतर त्यांनी जे केले, ते पेढीवर बसणाऱ्याला अधिक जवळचे वाटेल. चित्रपटासाठी ते लगेच भांडवल मागायला गेले नाहीत. आधी त्यांनी नमुना तयार केला. कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण करून त्या रोपाची वाढ पडद्यावर क्षणात होताना दाखवली. पैसा देऊ शकतील अशा लोकांसमोर तो लहानसा पट ठेवला, आणि मग कर्ज मिळाले. तेही पुरे पडले नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्यांनी रात्री जागून केली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. पंधरा दिवसांचे शिक्षण एकट्याने घेतले, त्याचे मोल सगळ्या घराने मोजले. शुल्काचा आकडा विचारणारी आई म्हणूनच चुकत नाही.

आजच्या प्राथमिक अभ्यासक्रमात काय असते? दूरचा, मध्यम आणि समीप शॉट यांचा फरक. सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांसमोरून सरकली की गती कशी भासते. दोन माणसे बोलत असताना त्यांच्यामधील काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडली, तर दोघे एकाच दिशेला बघत असल्यासारखे का वाटते. प्रकाश किती घ्यावा. आवाज वेगळा का नोंदवावा. हे खरोखरच पंधरा दिवसांत समजते. यांत सर्वांत खोल विषय म्हणजे क्रम: कोणत्या चित्रानंतर कोणते चित्र.

आणि क्रमाचा हा धडा या भागाला परका नाही. 1890 च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे जादूच्या कंदिलातून पडद्यावर टाकायची आणि सोबत पौराणिक कथा सांगायची, असा तो खेळ. पुढे त्यांच्या मुलांनी तो चालवला आणि गावोगावी नेला. तेव्हा कॅमेरा नव्हता. पण पुढची काच कधी सरकवायची, कोणते चित्र थोडे अधिक थांबवायचे, हे प्रेक्षकांचे श्वास ऐकून ठरत असणार. कल्याण स्थानकावरून रोज गाडी पकडणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

लघु अभ्यासक्रमात न शिकवला जाणारा विषय मात्र व्यापारी घराला आधीपासून येतो, तो म्हणजे भागीदारी. 1918 मध्ये फाळक्यांनी भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापली. पुढे मतभेद झाले, ते कंपनी सोडून काशीला गेले, मग परत आले. 1944 मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. याउलट 1929 मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू झाली, तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चार कारागिरांबरोबर पाचवे भागीदार होते सीताराम कुलकर्णी, व्यवसायाने सराफ. ते चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करून वर्षानुवर्षे शिकलेले होते. ‘प्रभात’ 1933 मध्ये पुण्याला गेली. तिच्याच आवारात 1960 मध्ये सरकारी चित्रपट संस्था सुरू झाली आणि ती आता पुण्याबाहेरही लघु अभ्यासक्रम घेते.

तेव्हा डोंबिवलीच्या त्या घरात वडिलांनी मुलाला विचारावे ते एवढेच: अभ्यासक्रम संपल्यावर सोळाव्या दिवशी तू काय दाखवशील? कॅमेरा विकत घेण्याची घाई नको. तो भाड्याने मिळतो, आणि पहिल्या नमुन्याला हातातला मोबाईलही पुरतो. विषय घरातच आहे. सकाळी दुकानाचे शटर वर जाते, आजोबा गल्ल्याला नमस्कार करतात, पहिले गिऱ्हाईक साडीचा पदर उलगडून उजेडात धरते आणि भाव ऐकून पुन्हा घडी घालते. तीन मिनिटांत हे सांगायचे, तर आधी आजोबांचे हात दाखवायचे की गिऱ्हाइकाचा चेहरा?