आधी तळवा, मग जॅकेट

जून लागला की पुण्या-मुंबईच्या दुकानांतून ट्रेकिंगचं सामान पुढे मांडलं जातं. जाहिरातीतल्या चित्रात बर्फाचं शिखर असतं आणि गळ्यापर्यंत चेन ओढलेलं रंगीत जॅकेट. ते पाहून खरेदी करणारी बहुतेक मंडळी मात्र येत्या शनिवारी राजमाचीला, हरिश्चंद्रगडावर नाहीतर हरिहरच्या पायऱ्यांवर निघालेली असतात. तिथे बर्फ नाही. तिथे आडवा पाऊस आहे, शेवाळलेला कातळ आहे, घोट्यापर्यंत चिखल आहे आणि हवा इतकी दमट की वळणीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. म्हणून सह्याद्रीत भटकणाऱ्यानं सामान या पावसाशी ताडून घ्यावं आणि पैसा आधी पायाकडे वळवावा, असं माझं ठाम मत आहे. आज आपण नेमकं उलटं करतो. सगळ्यात जास्त खर्च जॅकेटवर होतो आणि बुटांची वेळ येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो.

जॅकेटचंच आधी पाहू. पाणी आत येऊ न देणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड ही मोठी करामत आहे, यात शंका नाही. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला आणि पुढच्या दशकात त्या पडद्याची जॅकेटं बाजारात आली. पण हा पडदा वाफ स्वतःहून बाहेर फेकत नाही. आतली हवा उबदार व दमट आणि बाहेरची थंड व कोरडी असेल, तर त्या फरकाच्या जोरावर वाफ बाहेर पडते. आल्प्समध्ये हा फरक भरपूर मिळतो. जुलैत आपल्या घाटमाथ्यावर तापमान विशीच्या आसपास असतं आणि हवेत आणखी ओल मावायला जागाच नसते. वाफ जाणार कुठे? ती अस्तरावर थेंब होऊन साचते आणि तासाभराच्या चढानंतर माणूस पावसानं नाही तरी घामानं भिजतोच. शिवाय जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून जो लेप दिलेला असतो, तो सॅकच्या पट्ट्यांखाली, खांद्यांवर सर्वात आधी झिजतो. तिथे कापड पाणी पिऊ लागलं की उरलीसुरली वाफही अडते. या लेपांत वर्षानुवर्षं वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत. आता हा उद्योग त्यांच्यापासून दूर जाऊ लागला आहे, ही चांगली गोष्ट.

मग पावसात करायचं काय? भिजणार हे गृहीत धरायचं आणि भिजूनही ऊब टिकेल अशी तजवीज करायची. सुती टी-शर्ट आणि जीन्स इथे घात करतात. सूत पाणी धरून ठेवतं. ओली जीन्स मांडीला चिकटते, उंच पायरीवर गुडघा वर येऊ देत नाही आणि वारा लागला की अंगातली ऊब शोषत राहते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे महाराष्ट्रात थंडीनं कोण गारठतं हा प्रश्न कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, भर पावसात उभं राहिल्यावर कोणी विचारत नाही. पॉलिस्टरचा साधा खेळाचा टी-शर्ट पाणी जवळजवळ शोषतच नाही, पिळला की अर्धा सुकतो आणि स्वस्तही मिळतो. लोकरीचं वेगळं आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. आपल्या धनगरांची घोंगडी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करते आहे. भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतलं जाणारं इरलंही पाहावं: बांबूची कामटी, वर पानांचं आच्छादन, खाली वारा खेळायला मोकळी जागा. पाणी अडवायचं आणि वाफ कोंडू द्यायची नाही, हा पेच त्यानं कुठल्याही पडद्याशिवाय सोडवला आहे. वारं फार नसेल तर सैल पोंचो याच तत्त्वावर चालतो. सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली सुक्या कपड्यांची एक जोडी असली, की महागड्या जॅकेटचं निम्मं काम झालं.

खरा पैसा तळव्याला. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये एका चढाईत सहा जण दगावले. त्या काळच्या नरम तळव्यांच्या आणि खिळे ठोकलेल्या बुटांचा त्यात मोठा दोष आहे, असं त्या मोहिमेशी संबंधित विताले ब्रामानी यांचं मत झालं आणि १९३७ मध्ये त्यांनी खोल खाचांचा रबरी तळवा बाजारात आणला. १९५४ मध्ये इटालियन पथकानं केटू पहिल्यांदा सर केलं, ते याच तळव्यांवर. आज प्रत्येक ट्रेकिंग बुटाखाली त्याच खाचांची नक्कल दिसते. पण खाचा चिखलासाठी असतात. ओल्या कातळावर पाय धरून ठेवतो तो रबराचा मऊपणा. दुकानात बूट उलटा करून अंगठ्याचं नख तळव्यात रोवून पाहावं. नख किंचित रुतलं आणि काढल्यावर खूण हळूहळू भरून आली, तर रबर कातळाला बिलगेल. काचेसारखं कडक लागलं, तर तो बूट डांबरी रस्त्यावर पाच वर्षं टिकेल आणि शेवाळावर पाच पावलंही टिकणार नाही. म्हणजे टिकाऊपणा आणि पकड इथे एकमेकांच्या आड येतात. मऊ तळवा लवकर झिजतो, ही त्याची किंमत आहे आणि ती मोजावी.

बुटाचा दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. अनेक भारी बुटांत तळवा आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतली ओल या थरात शिरते आणि त्याच्या रासायनिक साखळ्या तोडत जाते. बूट खोक्यात पडून असला तरी हे चालूच असतं, किंबहुना तेव्हा जास्तच. चार-पाच पावसाळे माळ्यावर काढलेला बूट वरून कोरा करकरीत दिसतो. पायात घालून अर्धा डोंगर चढला की मधला थर ओल्या बिस्किटासारखा चुरत जातो आणि अख्खा तळवा जिभेसारखा लोंबू लागतो. जुन्या सॅकच्या आतलं अस्तर चिकट होऊन सोलवटतं, तेही याच कारणानं. म्हणून मोठ्या सवलतीत मिळणारा बूट घेताना खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष आधी वाचावं. आपल्याकडे फळाला जसा हंगाम, तसं बुटाला वय असतं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: गडाखालच्या वाडीतला माणूस साध्या रबरी चपलेवर सरसर चढतो, मग हे चोचले कशाला? तो चढतो हे खरं आहे. पण त्याचा पाय लहानपणापासून त्या वाटेवर घडलेला असतो, कुठला दगड हलतो हे त्याला ठाऊक असतं आणि पाठीवर आपली सॅक नसते. आपण आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी तिथे पोहोचतो. त्याच्या चपलेची नक्कल करून त्याचा पाय मिळत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त खरा आहे. कॉलेजातल्या मुलाला सगळंच परवडत नाही. म्हणूनच क्रम महत्त्वाचा: बूट, कपाळावर बांधायची बॅटरी, सुकी जोडी, आणि मग जमलं तर जॅकेट. बॅटरी कपाळावरचीच हवी, कारण शिडी किंवा खोबणी उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. हिमालयात वर्षातून एकदा जाणाऱ्यानं पिसांचं जॅकेट मनालीत किंवा सांक्रीत भाड्यानं घ्यावं. ते घरी आणून दमट कपाटात कोंबलं तर पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते.

मी दुरुस्तीचा कट्टर पुरस्कर्ता आहे. शिवण उसवली तर मोच्याकडून दुहेरी टाका घालून घ्यावा, चेन बिघडली तर बहुतेक वेळा नुसता रनर बदलून भागतं. पण एका जागी हा हट्ट सोडावा लागतो. दोर, हार्नेस आणि स्लिंग यांना टाके घालून वापरू नये आणि कोणी दिलेला, इतिहास माहीत नसलेला दोर बांधू नये. नायलॉन उन्हानं, चिखलातल्या बारीक कणांनी आणि नुसत्या वयानंही कमकुवत होतो. म्हणून बहुतेक उत्पादक न वापरलेल्या दोरालाही १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. कडे उतरवून आणणाऱ्या आयोजकाला दोर किती वर्षांचा आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सहभागी माणसाला आहे आणि विचारताना संकोच नसावा.

पावसाळा संपल्यावरचं काम सोपं आहे आणि बहुतेकांकडून तेच राहून जातं. बूट साध्या पाण्यानं धुऊन, आतली गादी बाहेर काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. ऊन आणि हीटर दोन्ही टाळावेत, कारण त्यानं चिकटवलेला सांधा सुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नयेत. मधल्या थराला वापर मानवतो, त्यामुळे नोव्हेंबर ते मे बाजारातून भाजी आणायला जाताना अधूनमधून तेच बूट पायात घालावेत.