टॉवेल कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात इथं वडवणीत आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्याचा हिशेब झाला, चहा झाला आणि निघता निघता एक वहिनी म्हणाल्या, "ताई, लोक वारीला जातात, सप्त्याला बसतात. मला तर भाकरी, भांडी अन् सासूबाईंचं अंथरूण यातून डोकं वर काढायला होत नाही. देवाचं करायचं कधी?"

सगळ्या गप्प. मग गटातल्या ख्रिस्ती मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, अंथरूण बदलतीस ना, तेच देवाचं. आमच्या येशूनं तर शिष्यांचे पाय धुतले."

मैत्रिणींनो, खरं सांगू? मला ते पटलं नाही. माझ्याही सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. चादरी पिळताना मला कधी देव आठवला नाही. आठवायची ती पाठ. आणि कुणी 'किती सेवा करतेस गं' म्हटलं, की वाटायचं, कौतुक नको, एक चादर पिळ!

तरी मावशींकडून बायबल मागून आणलं आणि योहानाच्या पुस्तकातला तो प्रसंग वाचला. त्या काळी धुळीच्या रस्त्यानं आलेल्यांचे पाय धुणं हे घरातल्या नोकराचं काम. शेवटच्या रात्री जेवणाच्या वेळी येशू उठला, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि एकेकाचे पाय धुऊ लागला. पेत्र तर नकोच म्हणत होता. पुढं तळ्याकाठी निखाऱ्यावर मासे भाजून, भाकरी ठेवून त्यानं त्याच शिष्यांना न्याहारीला बोलावलं, असंही त्याच पुस्तकात आहे. ज्याला सगळे प्रभू म्हणत होते, त्यानं चूल पेटवली!

मग आठवण झाली लक्ष्मीबाई टिळकांची. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्म. घरात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक. शाळा नाही, लग्न अकराव्या वर्षी. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, तुटून रडल्या. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. स्वतःला पटल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, त्यांचा संसार झाला. दुष्काळात अनाथ झालेली मुलं त्यांच्या घरात वाढली. टिळक मनानं मोठे, पण हात सढळ आणि स्वभाव तापट. असेल ते देऊन मोकळे होणार. मग आज चुलीवर काय चढवायचं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा.

पण त्या नुसत्या राबल्या नाहीत. त्यांनी ते राबणं लिहून ठेवलं. १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला, तो आपल्या घरातल्या बोलीसारख्या साध्या मराठीत. त्यात नवऱ्यावर माया आहे, तशी त्याची खोडही काढलेली आहे. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं. ते कुणी पुरं केलं? कधी शाळेची पायरी न चढलेल्या याच बाईनं.

म्हणून मला वाटतं, मावशी बरोबर होत्या, पण अर्ध्याच. घरचं काम हीच सेवा, हे आपल्याला नवं नाही. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल येऊन बसला, हे आपण आजीच्या मांडीवर ऐकलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होता. त्याला मुळात स्वयंपाकघर नावडतं. तरी वर्षानुवर्षं तिथंच राबून त्यानं देवाची सोबत शोधली. पण नीट बघा. या सगळ्या गोष्टींत एकतर देव स्वतः हातभार लावतो, नाहीतर पुरुष भांडी घासतो. आपण मात्र गोष्ट ऐकतो आणि सारी सेवा सुनेच्या पदरात टाकतो.

दिवाळी झाली की आपल्या भागातल्या कितीतरी जोड्या ऊसतोडीला जातात. फडावर नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. ऊस दोघांनी तोडायचा, मोळ्या दोघांनी बांधायच्या. पण पहाटे अंधारात उठून भाकरी कोण थापतं? कोयता एक, मग चूल एकटीची का?

जी मनानं केली ती सेवा, जी मानेवर ठेवली ती वेठ. चादर तीच असते, पिळणारे हातही तेच. फरक एवढाच, की तिला कुणी विचारलं का, 'आज मी करू?' येशूनं शिष्यांचे पाय धुतल्यावर त्यांनाही सांगितलं, की आता तुम्ही एकमेकांचे धुवा. 'एकमेकांचे' हा शब्द आपल्या घरात कुठं हरवला, ते शोधायला हवं.

परवा त्या वहिनी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "ताई, पोराला म्हटलं, आजीचं अंथरूण आज तू बदल. नाक मुरडलं, पण बदललं. सासूबाई मात्र रडायलाच लागल्या."

"का हो?"

"नातवाचा हात लागला म्हणून."

आज रात्री जेवणं झाली की तुमच्याही घरात टॉवेल कुणाच्या हातात आहे, ते जरा बघा.