ठिपका नेईल तिकडे

कुठे जायचे हे ठरवूनच घराबाहेर पडणे हा मध्यमवर्गाचा कुळाचार आहे. भाजीला मंडई, लग्नाला कार्यालय, पाहुणे आले की शनिवारवाडा आणि सारसबाग. ‘सहज निघालो होतो’ म्हणणारा गृहस्थदेखील बहुधा दुधाची पिशवी आणायलाच निघालेला असतो. त्यामुळे आमच्या कन्येने फोनवर ‘रँडोनॉटिका’ नावाचे ॲप दाखवले तेव्हा आम्ही चष्मा पुसून नीट पाहिले.

हे ॲप २०२० साली निघाले. आपण कुठे आहोत हे फोनला ठाऊक असतेच. किती लांब जायची तयारी आहे तेवढे आपण सांगायचे. मग ते तेवढ्या वर्तुळात, अक्षता फेकाव्यात तसे, असंख्य बिंदू टाकते. जिथे ते दाट पडतील किंवा अगदी विरळ पडतील तिथे एक ठिपका ठेवते आणि म्हणते, जा! तिथे खानावळ असेल, उकिरडा असेल, नाहीतर काहीच नसेल.

इथवर ठीक. पण निघण्यापूर्वी मनात एक इच्छा धरायची, ती त्या आकड्यांवर परिणाम करते, असेही ही मंडळी सांगतात. हे आकडे सुरुवातीला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेतून येत. निर्वात पोकळीतल्या सूक्ष्म चलनवलनाचे मोजमाप करून ते तिथे मिळवतात. म्हणजे विज्ञान अस्सल आणि त्याच्यावर चढवलेला शेंदूर आपला नेहमीचा. कोकणात देवाला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. फक्त गुरव परदेशी. निळा रंग मनात धरून निघालेल्याला दहा मिनिटांत निळे दार भेटणारच. पुण्यात निळ्या दारांना काय तोटा आहे! (त्याच वर्षी अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे काही तरुणांना ठिपक्यापाशी एका पेटीत मानवी अवशेष सापडले. ॲपचा लौकिक त्यामुळे वाढला, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.)

कन्येला एकटीने जायचे होते. घरातून एकमुखाने नकार आला. तिचा धाकटा भाऊ मात्र आदल्याच दिवशी एकटा जाऊन आला होता, हे तिने शांतपणे निदर्शनास आणले. उत्तर कुणाकडेच नव्हते, म्हणून आम्ही चपला घातल्या.

ठिपका पडला होता आमच्याच वसाहतीच्या भिंतीमागे, आंबिल ओढ्यावर. कात्रजकडून येणारा हा ओढा एके काळी आजच्या पेठांच्या भागातून वाहत असे. पेशवाईत त्याला वळवले, आणि तेव्हापासून पुणेकर त्याला आणखी आणखी आवळीतच आले आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगला, अरण्येश्वर भागात भिंत कोसळली आणि माणसे गेली. आमच्या गॅलरीतून त्या रात्री नुसता आवाज ऐकू आला होता. ठिपक्यापर्यंतचे अंतर तीनशे पावलांचे. पण भिंतीला वळसा घालून जायला वीस मिनिटे लागली.

दोन घरांमधल्या बोळात आम्ही फोन समोर धरून उभे. उंबऱ्यावर मेथी निवडणाऱ्या आजींनी हात थांबवला.

“मोजणीला आलाय का?”

“नाही हो आजी, सहज आलोय.”

“सहज कोण येतंय इथं? फोन धरून येत्यात ती मोजायलाच.”

यात थट्टा नव्हती. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ याच ओढ्याकाठच्या घरांवर पाडकामाची यंत्रे आली होती. ते काम न्यायालयाने थांबवले. आमच्या रविवारच्या गमतीने आजींच्या पोटात गोळा आला होता. आतून त्यांची सूनही बाहेर आली, कडेवर मूल.

कन्या उंबऱ्यापाशी बसली आणि तिने सगळा खेळ समजावून दिला. वर्तुळ, बिंदू, ठिपका. आजींचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यांनी भिंतीवर, फळीच्याही वर, हात लावून दाखवला: “इथवर पाणी. कागदपत्रांचा डबा तेवढा वर होता म्हणून वाचला.” तो डबा अजून तिथेच आहे, दोरीने बांधलेला. सुनेने चहा टाकला.

“माझा ठिपका काढ बघू,” आजी म्हणाल्या.

कन्येने त्यांचे बोट धरून दाबले. ठिपका पडला आमच्या वसाहतीच्या आवारात, मागच्या बागेत. ओळखीची जागा पाहून कन्या आनंदाने म्हणाली, “अहो, हे तर आमच्याकडेच! चला ना!”

“तिथं वॉचमन सोडत न्हाई,” आजी म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.