रंजनाचा कैवार

संपादक महाशय,


गतांकी एका विद्वान पत्रलेखकाने, वाचकांनी परस्परांस चित्रपट-कादंबऱ्यांच्या शिफारशी करणे हा अभिरुचीचा ऱ्हास असून तो अधिकार केवळ समीक्षकांचाच आहे, असा जो निवाडा दिला, त्यावर हा फेरविचाराचा अर्ज.

जे रंजक ते उथळ, हे त्यांचे गृहीतक मला मान्य नाही. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त आचार्य अत्रे यांच्या लेखणीने व मास्टर विनायकांच्या अभिनयाने ब्रह्मचर्याच्या भाबड्या आवेशाची जी रेवडी उडवली, ती एखाद्या प्रबंधाला साधती ना, आणि राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२), लाख रुपये मुदतीत खर्चून दाखवण्याच्या अटीपायी जी तारांबळ उडते, तीत द्रव्याचे मर्म हसत हसत उलगडते.

कादंबऱ्यांत विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९) मी निःशंकपणे पुढे करीन: युरोपातून निघालेल्या बोटीवरील भारतीय तरुण व निर्वासित ज्यू तरुणी यांची ही कथा, विषय विषण्ण असूनही, एका बैठकीत वाचून होते, कारण तीत फाजील वाक्य नाही. ज्यांना संथ लय प्रिय, त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी.

समीक्षक गुणावगुणांचा निर्णय देतो. शिफारस करणारा मात्र समोरच्याचा स्वभाव ओळखून त्याच्या आनंदास जामीन राहतो. तस्मात् ‘कोणासाठी’ व ‘कशासाठी’ हे नमूद करण्याची अट घालून आपण अशा पत्रांस मुभा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वर्गणीदार